दोघी मुलींच्या डोक्यात उवा झाल्यात, मोठीचे केस कापू की नको?

चिंचवडची_आई:

नमस्कार, दोन दिवस लिहू की नको करत होते कारण विषय असा आहे की शेजारणीला सांगायलाही जीभ रेटत नाही, पण आता खरंच काही सुचत नाहीये म्हणून विचारते. मला दोन मुली, मोठी ७ वर्षांची, दुसरीत, आणि धाकटी ४ वर्षांची, बालवाडीत जाते. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, मी सकाळी ९ ला घर सोडते, सासूबाई दिवाळीपासून आमच्याकडेच आहेत त्यामुळे मुलींचं दुपारचं बघायला घरचं माणूस आहे, त्या बाबतीत मी सुखी आहे.

तर मागच्या सोमवारी मोठीच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला की वर्गात उवा आढळल्यात, सगळ्यांनी आपापल्या मुलींची डोकी बघा. मला वाटलं आपल्याकडे कुठून असणार, दर रविवारी तेल लावून न्हाऊ घालते, मधे एकदा बुधवारी शाम्पू असतो. तरी रात्री तिला बेसिनच्या लाइटखाली उभी केली, वेणी सोडली, कानामागचे केस वर उचलले तर लिखाच लिखा. खसखशीएवढ्या, केसाला घट्ट चिकटलेल्या, कोंडा असेल म्हणून झटकायला गेले तर हलेनात. फणी फिरवली तर पांढऱ्या टॉवेलवर ३ जिवंत पडल्या. मग धाकटीचं बघितलं, तिच्यात कमी होत्या पण होत्याच. रात्री ११ वाजता सासूबाईंकडून माझं डोकं बघून घेतलं, माझ्यातही निघाल्या.

उवांचं एक वेळ ठीक आहे हो, आपल्याला पण लहानपणी झाल्याच होत्या. मला जे लागलंय ते वेगळंच आहे. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी मोठीच्याच बसमध्ये असते, तिच्याकडून कळलं की हिला तीन दिवस पुढच्या सीटवर एकटीला बसवतायत, शेजारी कुणी बसायचं नाही. पोरीने मला एका शब्दाने सांगितलं नाही. आणि गुरुवारी रात्री मी भांडी आवरून खोलीत गेले तर बघते, हिने माझी जुनी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली होती आणि पायाकडे डोकं करून झोपली होती. दोघी धाकटी जन्मल्यापासून एकाच उशीवर डोक्याला डोकं लावून झोपतात, त्यामुळे धाकटी रडत होती, ताई इकडे ये, ताई इकडे ये. मी विचारलं असं का झोपलीस गं, तर म्हणाली "माझ्यातून तिच्यात जातात ना." मला तिथेच रडू आलं.

आता घरात तीन माणसांची तीन मतं. नवरा म्हणतो बॉयकट कर, केस काय परत वाढतात. सासूबाई म्हणतात आमच्या आईने रॉकेल लावून एका रात्रीत साफ केल्या होत्या, नाहीतर सीताफळाच्या बिया वाटून लावू. आणि मोठीचे केस कमरेपर्यंत आहेत, जावळ काढल्यानंतर कात्री फक्त टोकांना लागलीये, भोंडल्याला दोन वेण्या वर बांधून गजरा माळायचा याची ती दोन महिने आधीपासून वाट बघते. तिला विचारलं केस कापूया का, तर "कापायचे तर काप" म्हणाली आणि वेणी मुठीत धरून बसली.

कापावेत का? औषध कुठलं आणायचं, ४ वर्षांच्या मुलीला चालतं का? आणि बसच्या ताईंशी बोलू की त्याने हिलाच आणखी त्रास होईल? प्लीज अनुभव असेल तर सांगा.


सुनीतामावशी_नगर:

अगं पहिलं म्हणजे रडू नकोस. आणि दुसरं, रॉकेल अजिबात लावायचं नाही, हे सासूबाईंना नीट गोडीत सांग पण सांग. रॉकेलने टाळूची कातडी भाजते, वास नाकातोंडात जातो, आणि घरात देवापुढे दिवा असतो, गॅस असतो, ओल्या रॉकेलच्या डोक्याने पोरगी तिथून गेली तर काय होईल याचा विचार कर. सीताफळाच्या बियांचं तर मी हात जोडून सांगते. त्याने उवा मरतात हे खरं आहे, आमच्या गावाकडे सगळे लावायचे, पण न्हाताना ते पाणी डोळ्यात गेलं की बुबुळाला जखम होते, डोळा लाल होतो, उघडवत नाही. मी अशी एक पोर बघितलीये, चार दिवस अंधारात बसून होती.

मी शाळा तपासणीच्या पथकात फार्मासिस्ट होते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणतात तो, २०१३ पासून सुरू झाला, दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्सताई असं आमचं पथक गाडीने अंगणवाड्या आणि शाळा करायचं. हजारो डोकी बघितली असतील. त्यावरून सांगते, उवांचा आणि अस्वच्छतेचा संबंध नाही. उडी मारत नाहीत, उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात एवढंच. उवांना केस स्वच्छ की तेलकट काही फरक पडत नाही. मुलींमध्ये जास्त दिसतात कारण मुली डोकी जवळ आणून खेळतात, एका वहीत बघतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. उवांपासून कुठला रोगही पसरत नाही, खाज येते आणि खाजवून जखम झाली तर तिथे पिकतं, बस.

आता औषध. मेडिकलमध्ये परमेथ्रिन १ टक्का माग, लोशन किंवा क्रीम रिन्स मिळतं. ५ टक्के वालं खरजेचं असतं ते नको, ट्यूब हातात घेऊन वाचून घे. २ महिन्यांपुढच्या बाळाला चालतं म्हणजे तुझ्या ४ वर्षांच्या धाकटीला चालेल, पण तिला आधी कसली अॅलर्जी झाली असेल तर डॉक्टरांना विचार, आणि तुला दिवस असतील किंवा अंगावर पाजत असशील तरी विचारूनच. साध्या शाम्पूने केस धुवायचे, कंडिशनर लावायचा नाही, टॉवेलने पुसून ओलसर असतानाच लावायचं, कानामागे आणि मानेवर नीट, १० मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं. डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरायला सांग. नंतर एक-दोन दिवस शाम्पू नाही.

आणि इथेच सगळे चुकतात ते ऐक. औषधाने जिवंत उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. लीख आठवड्याभरात फुटते. म्हणून ९ व्या दिवशी परत तेच औषध, कॅलेंडरवर गोल करून ठेव. लोक पहिल्या वेळेनंतर खाज गेली की सोडून देतात आणि महिन्याने म्हणतात औषधात दम नाही. एक मादी दिवसाला सात-आठ अंडी घालते गं, एक राहिली तरी पुन्हा घर भरतं.

मधल्या दिवसांत फणी. औषधानंतरचे दोन दिवस गेले की ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचा, आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा, मग बारीक दातांची फणी टाळूला टेकवून शेवटपर्यंत ओढायची, दर वेळी पांढऱ्या कपड्यावर पुसायची. धातूची फणी घे, प्लॅस्टिकचे दात फाकतात. कमरेएवढ्या केसांना पाऊण तास लागेल, लागू दे. तीन-चार दिवसांनी एकदा असं दोन आठवडे.

उशांचे अभ्रे, टॉवेल, ती ओढणी, दोन दिवसांत वापरलेलं तेवढं गरम पाण्यात भिजवून उन्हात टाक. गाद्या, सोफे, पडदे काढत बसू नकोस, डोक्यावरून खाली पडलेली ऊ दीड-दोन दिवसांत मरते. सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघ, सासूबाईंचं पण, आणि ज्यांच्यात आहेत त्यांनाच औषध लाव. केस कापायची औषधासाठी गरज नाही. लिखा टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत घातलेल्या असतात, बॉयकट केला तरी तिथे असतातच.


कोल्हापूरचा_बाबा:

मावशींनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त घरचं सांगतो. मला पण दोन मुली, ९ आणि ६. गेल्या पावसाळ्यात दोघींना झाल्या. आमच्याकडे तोपर्यंत केसांचं खातं पूर्ण बायकोकडे, मला वेणीचे तीन पदर पण येत नव्हते. बायकोची नाइट ड्युटी लागली म्हणून फणी माझ्या हातात आली. पहिल्या दिवशी धाकटी एवढी ओरडली की वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. मग कळलं की मी फणी टोकाकडे ओढताना मुळाशी केस धरत नव्हतो. एका हाताने केस मुळाजवळ चिमटीत पकडायचे आणि मग खालचं विंचरायचं, म्हणजे ओढ टाळूला बसत नाही. हे मला कोणी सांगितलं असतं तर त्या दिवशीचं रडं वाचलं असतं म्हणून लिहितोय.

आणि एक. तुमच्या मिस्टरांना बॉयकट सुचतोय कारण ते काम त्यांच्या हाताखालून गेलेलं नाही. राग मानू नका, मी पण तेच म्हणालो होतो. त्यांना एकदा बसवा, स्टूलवर मुलगी, खाली पेपर, हातात फणी. एक मुलगी तुम्ही एक त्यांनी. माझी मोठी त्या पाऊण तासात जे बोलली ते वर्षभरात बोलली नव्हती, वर्गात कोण कोणाशी बोलत नाही, तिला गणिताच्या तासाला भीती का वाटते सगळं. पाठ आपल्याकडे असते ना, तोंड बघायला लागत नाही, म्हणून बोलत असतील.

बसच्या ताईंशी मात्र बोला, नक्की बोला. पण फोनवर नको, सकाळी बस येते तेव्हा पाच मिनिटं आधी खाली जाऊन, मुलीसमोर नाही. औषध लावलंय हे सांगा आणि मुलगी एकटी बसणार नाही हे पण सांगा. त्या बाईंना पण दहा पालकांचे फोन येत असतील हो.


माणदेशी_लेक:

मी सहसा फक्त वाचते, पण ती वेणी मुठीत धरलेली वाचून लिहायला बसले.

मी ८ वर्षांची होते, आम्ही तिघी बहिणी, उवा तिघींना. वडील एका सकाळी आम्हाला गावातल्या न्हाव्याकडे घेऊन गेले, बाजाराचा दिवस होता, दुकानाबाहेर खुर्चीवर बसवून तिघींचे केस मशिनने उतरवले. बाजाराची सगळी माणसं बघत होती. वडील वाईट नव्हते, शेतात आईला वेळ नव्हता, औषधाला पैसे नव्हते, त्यांना जे समजलं ते केलं. पण माझी वेणी खाली मातीत पडलेली आणि तिला लाल रिबीन तशीच बांधलेली, ते मला आज ४१ व्या वर्षी पण दिसतं. शाळेत मला सहा महिने मुलाच्या नावाने हाक मारायचे. मधल्या बहिणीला काहीच वाटलं नाही, ती खूश होती, डोकं हलकं झालं म्हणाली. म्हणजे प्रत्येक पोरीचं वेगळं असतं.

"कापायचे तर काप" हे हो नाहीये ताई. ती तुमच्यासाठी म्हणतेय, तुम्हाला त्रास नको म्हणून, जशी धाकटीसाठी ओढणी बांधून झोपली तशीच. सात वर्षांची पोर घरातल्या सगळ्यांची काळजी आपल्या डोक्यावर घेऊन झोपतेय. तिला एकदा जवळ घेऊन सांगा की हे तुझ्यामुळे झालं नाही, कोणाकडून कोणाकडे गेलं ते कुणालाच माहीत नाही, कदाचित माझ्याकडून तुझ्याकडे आलं असेल. आई म्हणाली माझ्यात पण आहेत, एवढ्याने सुद्धा पोरीचा जीव भांड्यात पडेल.


अनु_सॅन_होजे:

मी थोडं वेगळं मत मांडते. आम्ही कापले आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मला जुळ्या मुली आहेत, ६ वर्षांच्या, इथे कॅलिफोर्नियात. इथे पण उवा भरपूर होतात, कुणाला वाटत असेल की परदेशात नसतील तर तसं काही नाही, फक्त उवा काढून देणारी दुकानं असतात आणि त्याचे पैसे ऐकून घाम फुटतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की उवांमुळे मुलाला शाळेतून घरी पाठवायचं नाही, लिखा दिसल्या तरी वर्गात बसू द्यायचं. आमच्या डॉक्टरने हे मला पहिल्याच व्हिजिटला सांगितलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं. तुम्ही हे शाळेत बोलताना सांगू शकता.

केसांचं म्हणाल तर माझ्या दोघींपैकी एकीने स्वतःहून मागितलं, खांद्यापर्यंत कर म्हणाली, तिचे केले. दुसरीने नको सांगितलं, तिचे ठेवले. खांद्यापर्यंतच्या केसांना फणी मारायला १५ मिनिटं आणि लांब केसांना ५० मिनिटं, हा फरक नोकरी करणाऱ्या बाईला खूप मोठा आहे, तो मी नाकारणार नाही. ज्या घरात वेळ नाही तिथे कापणं चूक आहे असं कुणी म्हणू नये. पण पोरीने हो म्हटलं पाहिजे, आणि घरात कापा, आरशासमोर, तिला किती ते बोटाने दाखवू दे.


चिंचवडची_आई:

सगळ्यांना काय म्हणू, एकेक उत्तर दोनदोनदा वाचलं. माणदेशी ताई, तुमचं वाचून मी सरळ मोठीकडे गेले आणि माझं डोकं तिच्यासमोर केलं, म्हटलं बघ गं माझ्यात किती आहेत. तिने आधी घाबरत घाबरत केस बाजूला केले आणि मग अर्धा तास उठलीच नाही, "आई ही बघ, आई थांब हलू नको", एक सापडली की टॉवेलवर पुसायची आणि मोजायची. ७ काढल्या. शेवटी म्हणाली "म्हणजे तुझ्यातून आल्या असतील." मी म्हटलं असतील. एवढी हसली ती.

रॉकेलचं सासूबाईंना सांगितलं, पटलं नाही लगेच, पण मावशींचं डोळ्याचं वाचून दाखवल्यावर बिया पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. औषध शनिवारी लावलं, तिघींना. सासूबाईंच्या डोक्यात काही नाही निघालं. मावशी, एक शंका, औषधानंतर पण लिखा दिसतायत, मेलेल्या की जिवंत कसं ओळखायचं? आणि कापूर घातलेलं खोबरेल लावलं तर चालेल का, बहिणीने सांगितलं.


सुनीतामावशी_नगर:

लीख टाळूपासून किती लांब आहे ते बघ. अगदी मुळाशी, तपकिरी-करडी असेल तर नवीन, तिचा भरवसा नाही. बोटभर खाली आलेली, पांढरी असेल तर ते रिकामं टरफल, केसाबरोबर वाढत खाली आलंय, त्याला घाबरू नकोस. जिवंत चालणारी ऊ दिसली तरच औषध कमी पडलं समज. दोन वेळा लावूनही दिसल्या तर डॉक्टरकडे जा, काही ठिकाणच्या उवांना हे औषध लागू होत नाही, मग दुसरं मिळतं.

कापूर नको. लहान मुलं हात तोंडात घालतात, कापूर पोटात गेला तर आकडी येऊ शकते, थोडासा गेला तरी. नुसतं खोबरेल लाव, त्याने उवा मरतील असं धरू नकोस, पण फणी सरकते आणि टाळूची जळजळ कमी होते.


चिंचवडची_आई:

१२ दिवसांनी लिहितेय. तेच औषध दुसऱ्यांदा ९ व्या दिवशी बरोबर लावलं, काल रात्री दोघींना फणी मारली, टॉवेल स्वच्छ. नवऱ्याने धाकटीची फणी घेतली, बाबा तुम्ही सांगितलंत तसं मुळाशी धरून, त्याला कळलं किती वेळ जातो ते, बॉयकटचं नाव परत काढलं नाही. मोठीने स्वतः सांगितलं की चार बोटं कमी कर म्हणजे तुला पटकन विंचरता येईल, आरशासमोर बसून तिने बोट ठेवलं तिथे कापले, वेणी अजून चांगली लांब आहे.

बसच्या ताईंना भेटले. त्या म्हणाल्या एका पालकांनी फारच लावून धरलं होतं म्हणून बसवलं, मलाही बरं वाटलं नाही. आता शेजारी बिल्डिंगमधलीच मुलगी बसते. शाळेने ग्रुपवर परत काही लिहिलं नाही, मीच लिहिलं की आमच्या घरी तिघींना झाल्या होत्या, हे औषध लावलं, ९ व्या दिवशी परत लावायला विसरू नका. त्यानंतर रात्रीत ५ आयांचे वेगळे मेसेज आले, आमच्याकडे पण आहेत, सांगायचं कसं कळत नव्हतं.

दोघी एका उशीवर परत झोपायला लागल्यात. फक्त आता धाकटी रोज रात्री फणी घेऊन येते, माझं पण डोकं बघ म्हणते आणि मांडीत डोकं टाकून पडते. काही नसतं डोक्यात. रोज फणी मारली तर चालतं ना मावशी, टाळूला काही होत नाही ना?


सुनीतामावशी_नगर:

चालतं. थोडं तेल लाव आणि बारीक फणी आठवड्यातून एकदाच, रोज मोठा कंगवा घे. टेकवून नाही, वरवर.